परवान्याचे कर्ज आणि शहराची हमी : न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालक कुटुंबांचे प्रकरण

३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या महापालिकेने एक करार जाहीर केला. त्यात तीन पक्ष होते : स्वतः महापालिका, टॅक्सी परवान्यांवरील कर्जांचा सर्वांत मोठा साठा बाळगून असलेली मार्बलगेट ही गुंतवणूक कंपनी आणि न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स ही चालकांची संघटना. कर्ज पाच लाख डॉलरचे असो वा सात लाखांचे, ते दोन लाखांवर आणायचे, त्यातले तीस हजार महापालिकेने अनुदान म्हणून भरायचे, उरलेले १ लाख ७० हजार चालकाने वीस वर्षांत पाच टक्के व्याजाने फेडायचे आणि महिन्याचा हप्ता १,१२२ डॉलरच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे त्यात ठरले. या अटींपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या १ लाख ७० हजारांसाठी महापालिका जामीन राहिली. पंधरा दिवस अन्न न घेतलेल्या चालकांनी त्याच दिवशी महापालिका भवनासमोर उपोषण सोडले.

कायद्याच्या दृष्टीने ही सगळी खासगी कर्जे होती. कर्जदार सज्ञान होते, कागदांवर त्यांच्या सह्या होत्या आणि संघटनेला सामूहिक वाटाघाटीचा कायदेशीर हक्क नव्हता, कारण टॅक्सीचालक हा कोणाचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानला जातो आणि अमेरिकेचा १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा अशा कंत्राटदारांना लागू होत नाही. तरीही एक बलाढ्य महानगर त्यांच्या कर्जाला जामीन राहायला तयार झाले. हे कसे घडले, याचा माग घेणे हा या प्रकरण अभ्यासाचा हेतू आहे.

परवाना आणि त्यामागचे गणित

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटवर तळहाताएवढा धातूचा बिल्ला ठोकलेला असतो. त्याला तिथे मेडॅलियन म्हणतात. रस्त्यात हात दाखवणारे गिऱ्हाईक उचलण्याचा हक्क या बिल्ल्याने मिळतो. १९३७ च्या हास कायद्याने या परवान्यांच्या संख्येला मर्यादा घातली. त्या वेळी परवान्याचे शुल्क दहा डॉलर होते. पुढे काही लिलाव होऊन संख्या १३,५८७ वर स्थिरावली. संख्या मोजकी आणि शहर वाढते, त्यामुळे परवाना विकता येणारी, गहाण ठेवता येणारी मालमत्ता बनला.

हा धंदा करणारे कोण, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. गेल्या काही दशकांत न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक परदेशात जन्मलेले आहेत. बांगलादेश, पाकिस्तान, भारत, हैती, नेपाळ, इजिप्त, पश्चिम आफ्रिकेतले देश, डॉमिनिकन प्रजासत्ताक अशी ही यादी लांबत जाते. नव्याने आलेला माणूस आधी गॅरेजमधून बारा तासांच्या पाळीसाठी गाडी भाड्याने घेतो. भाडे आधी मोजायचे आणि पेट्रोलही स्वतः भरायचे, म्हणजे पाळी सुरू होते ती तोट्यात, आणि पहिले काही तास हा तोटा भरून काढण्यातच जातात. आजारी पडले तर त्या दिवसाची कमाई बुडते. भरपगारी रजा नाही, मालकाकडून मिळणारा आरोग्यविमा नाही, निवृत्तिवेतनही नाही. अशा माणसाला स्वतःचा परवाना घेणे म्हणजे रोजच्या भाड्यातून सुटका आणि म्हातारपणाची तरतूद असे दोन्ही एकदम वाटले, तर त्यात नवल नाही. परवाना घेतलेला चालक दिवसा स्वतः गाडी चालवी, रात्रीची पाळी दुसऱ्याला देई आणि त्या भाड्यातून हप्ता फेडी. कित्येक वर्षे हे गणित खरोखरच जमत होते. आधीच्या पिढीतल्या चालकांनी त्यातूनच घरे घेतली, मुलांना शिकवले. नंतर आलेल्यांनी डोळे मिटून उडी घेतली, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. त्यांच्यासमोर शेजाऱ्यापाजाऱ्यांची खरीखुरी उदाहरणे होती.

बदल झाला तो किमतीत. २००२ च्या सुमारास सुमारे दोन लाख डॉलरला मिळणारा परवाना २०१४ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेला. या बारा वर्षांत चालकाची कमाई पाचपट वाढली नव्हती. भाड्याचे दर महापालिकेच्या हातात, दिवसाचे तास चोवीसच आणि रस्ते होते तेवढेच. मग किंमत वाढली कशाच्या जोरावर? इथेच पाणी मुरत होते. टॅक्सीधंद्यातल्या दलालांनी, बँकांनी आणि खास परवान्यांवर कर्ज देण्यासाठी निघालेल्या पतसंस्थांनी कर्ज देण्याच्या अटी इतक्या सैल केल्या की कर्जदाराची कमाई किती, हा प्रश्न विचारणेच बंद झाले. आधी काही रोख रक्कम भरायची अट गेली, मुद्दल फेडायची अटही गेली. कर्ज तीन वर्षांचे, त्यात केवळ व्याज भरायचे आणि मुदत संपली की नव्याने कागद करायचे, अशी पद्धत रूढ झाली. परवान्याची किंमत वाढतच राहणार, हे यात गृहीत धरलेले होते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. सात लाख डॉलर कर्जावर पाच टक्के दराने नुसते व्याज वर्षाला पस्तीस हजार होते, म्हणजे महिन्याला २,९०० डॉलरहून अधिक. एवढे भरूनही मुद्दलातला एक डॉलर कमी होत नाही. याच्या जोडीला गाडीचा विमा, दुरुस्ती, पेट्रोल आणि ठरावीक वर्षांनी नवी गाडी घेण्याची सक्ती. एका बाजूला वर्षाला तीसेक हजार डॉलर घरी नेणारा चालक आणि दुसऱ्या बाजूला सात लाखांचे कर्ज, हे चित्र कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर आले असते, तर अर्ज तिथल्या तिथे परत गेला असता. इथे तो मंजूर होत होता, कारण तारण परवाना होता, माणूस नव्हे.

माणूस मात्र कागदावर पुरता अडकलेला असे. बऱ्याच करारांत व्यक्तिगत हमी होती, म्हणजे परवाना विकून कर्ज भागले नाही, तर घर, बचत आणि पुढची कमाई यांवर सावकाराचा हक्क. काही करारांसोबत आणखी एक कागद असे, त्यावर कर्जदार आगाऊ कबुली देई की हप्ता चुकला तर माझ्याविरुद्ध निकाल द्यावा आणि त्याला माझी हरकत नाही. न्यायालयात आपली बाजू मांडण्याचा हक्क तो असा सही करतानाच सोडून देई. इंग्रजीत जेमतेम बोलणाऱ्या माणसासमोर असा पन्नास-साठ पानांचा गठ्ठा ठेवला गेला आणि सही कुठे करायची तेवढे बोटाने दाखवले गेले, तर त्या सहीला संमती म्हणायचे की काय, हा प्रश्न पुढे नगर परिषदेच्या सुनावण्यांत वारंवार निघाला.

विक्रेता कोण होता

फक्त सावकारांवर बोट ठेवून थांबले, तर प्रकरणाचा गाभा हातून निसटतो. २००४ पासून महापालिकेने नव्या परवान्यांचे लिलाव केले, शेवटचा मोठा लिलाव २०१३-१४ मध्ये झाला. परवाना ही शेअर बाजारापेक्षा चांगली गुंतवणूक आहे, अशा आशयाची जाहिरात टॅक्सी नियंत्रण करणाऱ्या आयोगानेच केली. लिलावांची रक्कम आणि खासगी विक्रीवरचा कर मिळून महापालिकेच्या तिजोरीत ८५ कोटी डॉलरहून अधिक जमा झाले, असे न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार ब्रायन रोझेन्थल यांनी २०१९ मध्ये उघड केले. या शोधमालिकेला २०२० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. किमती कमाईशी विसंगत झाल्या आहेत, असा इशारा आयोगातल्या काही कर्मचाऱ्यांनी आधीच दिला होता, हेही त्यातून पुढे आले. म्हणजे जो भावाचा पहारेकरी, तोच विक्रेता आणि तोच जाहिरातदार. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या महाधिवक्ता लेटिशिया जेम्स यांनी याच मुद्द्यावर महापालिकेविरुद्ध ८१ कोटी डॉलरच्या दाव्याची नोटीस दिली.

उबर न्यूयॉर्कमध्ये आली २०११ मध्ये. २०१८ पर्यंत ॲपवर चालणाऱ्या गाड्या ऐंशी हजारांच्या घरात गेल्या आणि पिवळ्या टॅक्सीला मात्र १३,५८७ ची मर्यादा तशीच राहिली. सगळा दोष ॲप कंपन्यांच्या माथी मारणे सोयीचे होते आणि बरेच दिवस तसेच झाले. माझ्या मते ते अर्धसत्य आहे. ॲपच्या गाड्यांनी कमाई खाल्ली, हे खरे. पण कर्जाचा डोलारा त्यांच्या येण्याआधीपासून उभा राहत होता आणि चालकाची कमाई जुन्या पातळीवर टिकली असती, तरी सात लाखांचे मुद्दल त्यातून फिटले नसते. स्पर्धेने हा फुगा लवकर फुटला, इतकेच.

फुटल्यावर ओझे आले ते घरांवर. परवान्याची किंमत २०१४ नंतर घसरत दीड-दोन लाखांवर आणि पुढे त्याहूनही खाली आली. तीन वर्षांची मुदत संपली की सावकार नव्याने कागद करायला नकार देऊ लागले किंवा वाढीव हप्ता आणि मोठी एकरकमी भरणा मागू लागले. परवाने खेचून नेले जाऊ लागले. नऊशे पन्नासहून अधिक परवानाधारकांनी दिवाळखोरी जाहीर केली. पंचावन्न-साठीचे चालक आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तास गाडी चालवू लागले. घरातल्या बाईने मिळेल ते काम धरायचे, आरोग्यविम्याचा हप्ता थांबवायचा, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेली रक्कम सावकाराला द्यायची, हे एकेका कुटुंबाने आपापल्या घरात, दार लावून केले. देशातल्या नातेवाइकांना पैसे पाठवण्यात खंड पडला तरी कारण सांगितले जात नसे. शेजारच्या इमारतीतला चालकही याच फेऱ्यात आहे, हे अनेकांना फार उशिरा कळले. कर्ज बुडणे ही आपली वैयक्तिक नालायकी आहे, अशी समजूत घट्ट असेल, तर माणूस संघटनेकडे जात नाही; तो आणखी दोन तास गाडी चालवतो.

याच कुटुंबांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. किंमत चढत असताना अनेकांनी त्याच परवान्यावर जादा कर्ज काढले आणि त्यातून घर घेतले, मुलांचे शुल्क भरले, आजारपणे निस्तरली. मग ही हाव नव्हे काय, आणि तिची भरपाई करदात्याने का करावी? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु जादा कर्ज घेण्याचा आग्रह बहुतेक वेळा सावकाराच्या दारातूनच येत होता आणि पैसा गेला तो घर, शिक्षण, औषधपाणी यांवर, म्हणजे नोकरदार माणूस ज्या गोष्टी पगार, विमा आणि निवृत्तिवेतन यांतून भागवतो त्यांवर. ज्या धंद्यात यांपैकी काहीच मिळत नाही, तिथे परवाना हाच पगार आणि हाच विमा झाला होता. शिवाय भाव पडेल हे ज्यांना कळू शकत होते, ते बँकेत आणि महापालिकेच्या कार्यालयात बसले होते.

दुःखाकडून मागणीकडे

२०१८ मध्ये काही महिन्यांच्या अवधीत शहरातल्या किमान सहा व्यावसायिक चालकांनी आत्महत्या केल्या. त्यांत कर्जात बुडालेले परवानाधारक होते, तसेच भाड्याच्या गाड्या चालवणारेही होते. संघटनेने महापालिका भवनाच्या पायऱ्यांवर शोकसभा घेतल्या. कॅमेरे आले, नगर परिषद हलली. ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपच्या नव्या गाड्यांवर एक वर्षाची बंदी आली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशी बंदी पहिलीच. पाठोपाठ ॲपच्या चालकांसाठी किमान मोबदल्याचा नियम झाला आणि २०१९ च्या सुरुवातीपासून लागू झाला. दोन्ही उपाय आवश्यकच होते. कर्जाला मात्र त्यांतल्या एकानेही हात लावला नाही. मृत्यूंमुळे लक्ष वेधले गेले, पण त्या लक्षाचे काय करायचे, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले नसेल, तर ते जवळच्या सोप्या उपायाकडे वळते, हे इथे दिसते.

हे ठरवून ठेवण्याचे काम अलायन्सने पुढच्या दोन-तीन वर्षांत केले. संघटनेची स्थापना १९९८ ची. तिच्या कार्यकारी संचालक भैरवी देसाई गुजरातमध्ये जन्मलेल्या आणि न्यू जर्सीत कामगारवस्तीत वाढलेल्या. त्यांनी स्वतः कधी टॅक्सी चालवली नाही, पण विमानतळाच्या प्रतीक्षातळांवर, जिथे शेकडो टॅक्सी पाळीसाठी तासन्‌तास रांगेत उभ्या असतात, तिथे खिडकीखिडकीशी जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभासद गोळा केले. मे १९९८ मध्ये तत्कालीन महापौर रूडी जुलियानी यांच्या जाचक नियमांविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात शहरातल्या बहुसंख्य पिवळ्या टॅक्सी रस्त्यावर आल्या नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघाने अलायन्सला संलग्नता दिली. तोवर ‘कामगार’ या कायदेशीर व्याख्येबाहेरच्या लोकांची संघटना म्हणून हा मान क्वचितच कोणाला मिळाला होता. २०२१ चे उपोषण म्हणजे अचानक उसळलेला उद्रेक, असे अनेक बातम्यांत रंगवले गेले. त्यामागे तेवीस वर्षांची पायपीट होती.

संघटनेसमोरची अडचण अशी होती की पूर्ण कर्जमाफी मागितली, तर महापालिका ‘आमच्याकडे पैसा नाही’ म्हणून हात वर करणार, आणि हप्ता कमी करण्याची विनंती सावकाराकडे केली, तर त्याला ते मान्य करण्याचे कारणच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये परिस्थितीत एक महत्त्वाचा बदल झाला. बुडालेल्या पतसंस्थांची कर्जे केंद्रीय पतसंस्था प्रशासनाकडे गेली होती. त्यांची विक्री थांबवावी, अशी विनंती लोकप्रतिनिधींनी केली होती, तरी प्रशासनाने ती मार्बलगेटला विकून टाकली, तीही दर्शनी रकमेपेक्षा पुष्कळ कमी भावात. चालक या विक्रीने हादरले. पण तिची दुसरी बाजूही होती. ज्याने सात लाखांचे कर्ज त्याच्या एका अंशाला घेतले आहे, त्याला ते दोन लाखांवर आणूनही नफा राहू शकतो, फक्त ते दोन लाख नक्की मिळतील अशी खात्री त्याला हवी असते. ती खात्री देण्याची ऐपत शहरात एकाच संस्थेकडे होती.

संघटनेची योजना याच जागी बसवलेली होती. कर्जाची कमाल मर्यादा १ लाख ४५ हजार, हप्ता महिन्याला ८०० डॉलरपर्यंत, आणि चालक फेडू न शकल्यास महापालिकेची हमी. महापालिकेने कर्ज विकत घ्यायचे नाही, ते एकरकमी फेडायचेही नाही. हप्ता चुकला तरच तिला खर्च. हप्ता परवडणारा असेल तर तो चुकण्याची शक्यता कमी, म्हणजे हमीच हमीचा खर्च कमी करते. जानेवारी २०२० मध्ये नगर परिषदेच्या कार्यगटानेही सार्वजनिक व खासगी पैशाच्या भागीदारीतून कर्जे उतरवण्याची शिफारस केली होती, पण महापौर बिल डी ब्लासिओ यांना खर्चाचे आकडे फार मोठे वाटत होते. नुसत्या सहानुभूतीवर उभी असलेली मागणी या आकड्यांपुढे टिकली नसती. संघटनेकडे स्वतःचे आकडे होते.

मग करोनाची साथ आली. एप्रिल २०२० मध्ये पिवळ्या टॅक्सीच्या फेऱ्या आदल्या वर्षाच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. ज्यांचा हप्ता कसाबसा जात होता, त्यांचाही थांबला.

मार्च २०२१ मध्ये महापौरांनी साडेसहा कोटी डॉलरची मदत योजना जाहीर केली, तिचा पैसा केंद्राच्या साथ-साहाय्यातून येणार होता. प्रत्येक परवानाधारकाला कर्जाची फेररचना करण्यासाठी वीस हजार डॉलर आणि काही हप्त्यांसाठी नऊ हजारांपर्यंत. ऐकायला रक्कम लहान नाही. पण सावकाराने मुद्दल किती कमी करावे, याचे बंधन त्यात नव्हते. तीन लाखांचे कर्ज उरले आणि परवान्याची बाजारातली किंमत त्याच्या निम्म्यानेही नाही, अशा स्थितीत वीस हजार हे सावकाराच्या खिशात जाणारे आगाऊ पैसे ठरतात आणि चालक जिथल्या तिथे राहतो. संघटनेने ही योजना तोंडाला पाने पुसणारी म्हणून फेटाळली. पुढ्यात आलेली मदत नाकारणे कर्जबाजारी माणसांच्या संघटनेला सोपे नसते, कारण हातातले का सोडायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. या सबंध प्रकरणात मला हा निर्णय सर्वांत जोखमीचा वाटतो. चालक तो नकार पेलू शकले, कारण वीस हजारांनी आपला हप्ता नेमका किती उतरेल, हे त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः मांडून पाहिले होते.

सप्टेंबर २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात महापालिका भवनाबाहेरच्या पदपथावर चालकांनी चोवीस तासांचे ठाण मांडले. गाड्या लावून रस्ते अडवणे, अटक करून घेणे, आजूबाजूच्या कार्यालयांत पत्रके वाटणे असे महिनाभर चालले. २० ऑक्टोबरला उपोषण सुरू झाले. बसणाऱ्यांत साठी ओलांडलेले चालक होते, २०१८ मध्ये आत्महत्या केलेल्या एका परवानाधारकाचा भाऊ होता आणि क्वीन्समधून राज्य विधानसभेवर निवडून आलेले झोहरान ममदानीही होते. ते पूर्ण पंधरा दिवस चालकांसोबत उपाशी राहिले. पुढे २०२५ मध्ये ते याच शहराचे महापौर म्हणून निवडून आले. इतर लोकप्रतिनिधी येऊन एक-एक दिवस बसून जात. घरचे लोक आळीपाळीने येत, औषधे आणत, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासण्याची व्यवस्था बघत. ज्या घरांनी हे कर्ज वर्षानुवर्षे झाकून ठेवले होते, ती घरे आता पदपथावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, कर्जाची रक्कम फलकावर लिहून बसली होती. मला या आंदोलनाचा खरा फायदा इथे दिसतो. फलकांवरचे आकडे शेजारीशेजारी आले, तेव्हा ही एकेकट्याची चूक नसून एकाच साच्यातून निघालेली कर्जे आहेत, हे वाटसरूलाही कळले आणि चालकांनाही.

उपाशी चालक कॅमेऱ्यासमोर होते, तेव्हा पडद्यामागे अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहातील बहुमत पक्षाचे तेव्हाचे नेते चक शूमर मार्बलगेटशी बोलत होते. ते स्वतः न्यूयॉर्कचे. महापौरांचा कार्यकाळ संपायला दोन महिने उरले होते, त्यांना हा डाग मागे ठेवून जायचे नव्हते, असा तर्क करता येतो. मार्बलगेटलाही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत हजारो चालकांकडून थकबाकी वसूल करण्यापेक्षा शहराची हमी लाभाची होती. तिन्ही बाजूंचे हित एका कागदावर येईल, असा मसुदा संघटनेने आधीच तयार ठेवलेला होता. अंतिम करारात मागणीपेक्षा मुद्दल जास्त आणि हप्ताही जास्त आहे, पण हमी आहे. पाच टक्के व्याज आणि वीस वर्षे हे गणित मांडून पाहिले, तर १,१२२ चा हप्ता डॉलरला डॉलर जुळतो. आकडा भावनेच्या भरात काढलेला नव्हता.

करारानंतर

करार आणि त्याच्या अंतिम अटी यांच्यात नऊ महिन्यांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात अमेरिकेत व्याजदर चढले. ऑगस्ट २०२२ मध्ये अंतिम अटी जाहीर झाल्या, तेव्हा व्याज ७.३ टक्के, मुदत पंचवीस वर्षे आणि हप्ता १,२३४ डॉलर असा झाला होता. दरमहा ११२ डॉलर जास्त आणि पाच वर्षे जास्त. उपोषणाच्या दिवशी साठीत असलेल्या चालकासाठी पंचवीस वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तरीही ज्याचा हप्ता तीन हजारांच्या आसपास होता, त्याच्या घरात दर महिन्याला सतराशे-अठराशे डॉलर उरू लागले. कर्ज थकले तर सावकाराने शहराच्या हमीकडे जायचे, चालकाच्या घराकडे नाही, ही तरतूद कुटुंबांच्या दृष्टीने हप्त्याइतकीच मोलाची होती. सुमारे दोन हजार परवानाधारकांना या योजनेचा लाभ मिळाला आणि माफ झालेल्या कर्जाची बेरीज चाळीस कोटी डॉलरच्या पुढे गेली. मार्बलगेटपाठोपाठ इतर काही सावकारही सामील झाले, सगळे नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये पिवळ्या टॅक्सीचे दर सुमारे २३ टक्क्यांनी वाढले. दहा वर्षांतली ही पहिलीच दरवाढ होती. कर्ज उतरवण्याइतकीच कमाई वाढवणेही गरजेचे आहे, हे संघटना सुरुवातीपासून सांगत होती, पण २०२१ च्या पदपथावर तिने ही दुसरी मागणी मुद्दाम मागे ठेवली होती.

योजनेच्या बाहेर राहिलेले लोक कमी नाहीत. करारापूर्वीच ज्यांचे परवाने खेचून नेले गेले किंवा जे दिवाळखोरीत निघाले, त्यांना हमीचा उपयोग नव्हता, कारण हमी चालू कर्जाला मिळते, गमावलेल्या परवान्याला नाही. त्यांचे वर्षानुवर्षे भरलेले व्याज परत मिळाले नाही. भाड्याने गाडी घेऊन चालवणारे चालक, ज्यांच्याकडे परवानाच नाही, ते संघटनेत बहुसंख्य असूनही या करारात कुठेच नाहीत. त्यांची पाळी अजूनही भाडे मोजूनच सुरू होते. आत्महत्या केलेल्या चालकांच्या कुटुंबांसाठीही करारात स्वतंत्र तरतूद झाली नाही. आणि लिलावांतून महापालिकेने मिळवलेल्या पैशाचा प्रश्न, ज्यावरून राज्याच्या महाधिवक्त्यांनी ८१ कोटींची नोटीस दिली होती, तो या कराराने मिटवला नाही, बाजूला ठेवला. महापालिका जामीन राहिली. परवाने फुगलेल्या भावाने विकले गेले तेव्हा विक्रेता म्हणून आपले काय चुकले, याबद्दल करारात एक ओळही नाही.